विवरापासून चाळीस पावलं

मागे पडलेल्या प्रवाशाजवळ गाइडनं थांबलंच पाहिजे, हा नियम ज्या कुणी साहेबानं लिहिला त्याला आम्ही तोंडावर सांगतो: तुम्ही चोर आहात. नियम शहाणपणाचा असेल, चार जीव वाचवतही असेल. पण त्याच नियमानं तुम्ही ग्लाफिरा पोतापोव्हनांचं विवर चोरलंत, आणि चोरीच्या कागदावर सहीसुद्धा त्यांचीच घेतलीत. तुमचं नाव घेतलं असतं, पण ते सापडेल तर ना! कागदाखाली कायम ‘आदेशावरून’ एवढंच छापलेलं असतं.

ग्लाफिराबाई पेत्रोपाव्लोव्स्कमधल्या एका कचेरीत एकतीस वर्षं टंकलेखिका होत्या. रशियाच्या पूर्व टोकावरच्या कामचटकातले ज्वालामुखी काय उद्योग करतात, त्याचे अहवाल तिथं तयार व्हायचे. शास्त्रज्ञ मंडळी कपड्यांवरची राख झाडत यायची, कोंबडीनं पाय फिरवल्यासारख्या अक्षरातल्या वह्या बाईंच्या टेबलावर आपटायची आणि ‘उद्यापर्यंत द्या’ म्हणून जेवायला निघून जायची. कारीम्स्कीनं कधी आणि किती उंच राख उडवली, माली सेम्याचिकच्या विवरातल्या तळ्याचं पाणी किती आंबट, सगळं बाईंच्या बोटांखालून गेलेलं. शहाण्णव साली कारीम्स्की आणि त्याच्या शेजारचं तळं एकदमच उसळलं, तेव्हा बाईंनी इतकी पानं बडवली की मनगटाला पट्टा बांधावा लागला. पण विवर बघितलं का? एकही नाही. हेलिकॉप्टरमध्ये जागा असायची ती शास्त्रज्ञांना, त्यांच्या यंत्रांना आणि बटाट्याच्या पोत्यांना. ‘पुढच्या खेपेला नक्की, ग्लाशा,’ असं चार संचालक सांगून गेले आणि चारही जण ते सांगतासांगताच म्हातारे झाले.

निवृत्तीच्या दिवशी मात्र कचेरीला लाज वाटली. बाईंना एका दिवसाच्या हवाई सहलीचं तिकीट भेट मिळालं. सकाळी उडायचं, धुमसता कारीम्स्की वरून बघायचा, माली सेम्याचिकच्या कडेला उतरून विवरात डोकवायचं आणि संध्याकाळी घरी. त्याच आठवड्यात डॉक्टरनं गुडघ्यांचे फोटो उजेडात धरले आणि म्हणाला, “या उन्हाळ्यात काय चालायचं ते चालून घ्या. पुढच्या उन्हाळ्याचं मी काही सांगत नाही.”

म्हणजे जे काही बघायचं ते आत्ताच.

पहिल्या दिवशी बाई सकाळी सहा वाजताच हेलिकॉप्टरच्या तळावर हजर. हेलिकॉप्टर उभं, वैमानिक उभे, प्रवासी उभे. सहल कंपनीचा व्यवस्थापक वेन्यामिन कागदांची पाटी छातीशी धरून बाहेर आला आणि म्हणाला, “हवामान नाही.”

“नाही म्हणजे?” मुर्मान्स्कहून आलेला प्रोखोर नावाचा धिप्पाड वेल्डर ओरडला. “हे डोक्यावर आहे ते काय आहे मग?”

“हे धुकं आहे. हवामान नाही.”

“मी नऊ तास विमानात बसून आलोय!”

“मग आता जरा पाय मोकळे करा.”

आमच्याकडच्या माणसाला हे ऐकायची सवय असते. तो घरून निघतानाच तीन दिवसांची शिदोरी बांधून निघतो. मुख्य भूमीवरून आलेले बिचारे बिस्किटाच्या पुड्यावर येतात. ग्लाफिराबाईंनी पिशवी उघडली. तांबडा मासा आणि भात भरलेली पिरोश्की बाहेर आली, लोणच्यातलं नेचं आलं, दोन थर्मास आले. बाकावर पंगत बसली. आणि पंगत बसली की बोलणं आलंच.

“मावशी, हा कारीम्स्की खरंच रोज फुटतो?” प्रोखोरनं तोंडात अख्खं पिरोश्की कोंबत विचारलं.

“मूड असला की दिवसातून पाच-पन्नास वेळा. नसला की महिनोन्‌महिने ढिम्म. आमच्या वेन्यामिनसारखाच.”

दुसऱ्या दिवशी हवामान नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बाई रोज पहाटे उठून कणीक मळत होत्या आणि रोज बाकावर बसून एकतीस वर्षांचं टंकलेलं तोंडपाठ सांगत होत्या. तिसऱ्या दिवशी तर दुसऱ्या कंपनीचे प्रवासीसुद्धा चहाचे कप घेऊन ऐकायला येऊन बसले. बाईंना वाटलं, चला, कुणाच्या तरी उपयोगी पडतंय. हीच ती चूक. माणसानं स्वतःच्या सहलीला जाताना आपल्याला काही येतं, हे कुणाला कळू देऊ नये.

चौथ्या दिवशी आभाळ धुऊन पुसून ठेवल्यासारखं लख्ख. तीन दिवसांचे तुंबलेले प्रवासी एकदम सुटले. हेलिकॉप्टरं पुरली, वैमानिक पुरले, गाइड मात्र संपले. बाईंच्या गटाचा गाइड आधीच्या हेलिकॉप्टरमध्ये ढकलला गेला होता.

“गाइडशिवाय उड्डाण नाही,” वेन्यामिन म्हणाला. “तसा आदेश आहे.”

“अरे, गाइड काय करायचाय?” प्रोखोर गरजला. “या आहेत की आमच्या ग्लाफिरा पोतापोव्हना! तीन दिवस आम्ही काय झोपा काढल्या?”

“हो, हो! मावशीच!” सगळा गट ओरडायला लागला.

वेन्यामिननं बाईंकडे बघितलं. घड्याळाकडे बघितलं. “कचेरीतल्या ना तुम्ही? ज्वालामुखीवाल्या? सुरक्षेचे नियम माहीत आहेत?”

“माहीत काय विचारतोस? ते पत्रक मीच टंकलंय, सहा प्रतींत.”

“मग इथं सही करा.”

“यानं माझ्या सहलीला काही होणार नाही ना?”

“काय होणार? तेच हेलिकॉप्टर, तोच डोंगर. उलट माइक मिळेल.”

बाईंनी सही केली. सही होती ‘कर्मचारी’ या रकान्यात. त्यामुळे ‘प्रवासी’ या रकान्यात एक जागा रिकामी झाली, आणि आमच्या देशात रिकामी जागा डोळ्याची पापणी लवेपर्यंतसुद्धा टिकत नाही. कुठूनशी एक मोटार आली आणि तिच्यातून इलोना नावाची बाई उतरली. कुणा बड्या साहेबांची मेव्हणी. अंगावर फिक्या रंगाचा कोट, पायांत पांढरेशुभ्र बूट. असले बूट घालून आम्ही कामचटकात लग्नालासुद्धा जात नाही.

हेलिकॉप्टर उडालं. प्रवाशांना खिडक्या मिळाल्या, गाइडला मिळाली वैमानिकाच्या दाराजवळची खुर्ची, तोंड प्रवाशांकडे, पाठ डोंगरांकडे. पट्टा सोडायचा नाही, तसा आदेश.

“डावीकडे बघा,” बाईंनी माइकमध्ये सांगितलं. “काळा शंकू दिसतोय? तोच कारीम्स्की. जरा थांबा, खोकेल आता.”

आणि तो खोकला. खिडक्यांकडची सगळी तोंडं एकदम उघडली. बाईंनी मान इतकी वळवली की मणका कटकन वाजला. दिसली ती फक्त आग विझवायच्या यंत्राची लाल बाटली. शेवटी प्रोखोरच्या काळ्या चष्म्यात त्यांना कारीम्स्की दिसला. दोन कारीम्स्की, नखाएवढे, आणि प्रत्येकातून सुतासारखा धूर.

“चष्मा काढू नकोस रे, राजा,” बाई माइकमध्येच म्हणाल्या. प्रोखोरला काही कळलं नाही. त्यानं लगेच चष्मा काढला.

असू दे, बाईंनी मनाला समजावलं. विवराला काही पाठ करून उभं राहायचं नाहीये.

माली सेम्याचिकवर उतरल्यावर चढ होता थोडासाच, पण भुसभुशीत राखेचा. एक पाऊल वर टाकावं, अर्धं खाली यावं. बाईंचे गुडघे करकरत होते, पण चालत होते. वरून आधी पोचलेल्यांचं “आई गं!” ऐकू यायला लागलं. कड राहिली चाळीस पावलं. बाईंनी नजरेनं मोजलीसुद्धा.

तेवढ्यात मागून आवाज आला. “मी नाही येणार वर.”

इलोना एका दगडावर उभी होती. एक पांढरा बूट पांढरा होता, दुसरा राखाडी झाला होता.

“का हो, दमलात?” बाईंनी विचारलं.

“दमायला काय झालं? बूट बघा माझे! असला रस्ता असतो का?”

“ज्वालामुखी आहे तो, बाई. त्याला अजून फरशी बसवली नाही कुणी.”

“तुम्ही जा. मी थांबते इथंच.”

बाईंनी एक पाऊल वर टाकलं. खालून वैमानिक हात हलवत ओरडला, “ग्लाशामावशी! मागच्याजवळ थांबायचं! एकट्याला सोडायचं नाही! अस्वलं असतात!”

“दोन मिनिटं! फक्त डोकावून येते!”

“माझं लायसन्स जाईल, मावशी!”

त्या पोराला दोन लहान मुली होत्या, हे बाईंना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यानंच पिरोश्की खाताना सांगितलं होतं. बाई पाऊल मागं घेऊन दगडाजवळ आल्या.

“चला ना हो,” त्यांनी इलोनाला विनवलं. “माझे बूट घाला. मी मोज्यांवर येते.”

इलोनानं त्या बुटांकडे बघितलं आणि नाक मुरडलं. “तुमच्या मापाचे आहेत. आणि खाली काय, पाणीच ना? फोटोत बघितलंय मी.”

“मीही एकतीस वर्षं कागदावरच बघितलंय!”

“मग झालं तर. तुम्हाला तर सगळं माहीतच आहे.”

बाई बरंच काही बोलू शकल्या असत्या, पण त्या कर्मचारी होत्या. अर्धा तास त्या दगडाजवळ उभ्या राहिल्या. वरून गंधकाचा वास येत होता, लोकांची हसणी येत होती. प्रोखोर मध्येच कडेवरून ओरडला, “मावशी! पाण्याचा रंग इतका हिरवट का?”

“विरघळलेलं गंधक!” बाईंनी खालून ओरडून सांगितलं. न बघितलेल्या पाण्याचं कारण.

परत आल्यावर तळावरच्या टेबलावर अभिप्राय आणि तक्रारींचं जाड पुस्तक उघडलेलं होतं. त्यात लिहिलेल्या प्रत्येक प्रवाशाला लेखी उत्तर द्यावंच लागतं, म्हणून वेन्यामिन एरवी ते कपाटात कुलूप लावून ठेवतो. आज मात्र त्यानं स्वतःहून पुढं केलं होतं, कारण सगळे रांग लावून कौतुक लिहीत होते. असा गाइड पाहिला नाही. विवर अक्षरशः जिवंत केलं. इलोनानंसुद्धा लिहिलं, सोबत अतिशय आपुलकीची होती.

“ग्लाफिरा पोतापोव्हना, कमाल केलीत!” वेन्यामिन हात चोळत म्हणाला. “उद्याही गाइड कमीच आहेत. सहाला याल ना?”

बाईंनी पेन उचललं आणि पुस्तकात लिहायला सुरुवात केली. टंकल्यासारखं अक्षर, डावीकडे समास सोडून. ‘विषय: विवर न दाखवल्याबाबत.’

“अहो, अहो!” वेन्यामिननं पुस्तकावर हात ठेवला. “कर्मचाऱ्यांना यात तक्रार लिहिता येत नाही. हे प्रवाशांसाठी आहे.”

“असं का? मी कर्मचारी आहे?”

“सही आहे ना तुमची.”

बाईंनी पिशवीतून भेटीचं तिकीट काढून टेबलावर ठेवलं. कोरं करकरीत, कोपरासुद्धा फाडलेला नव्हता. “मग हे वापरलेलं नाही. मला उद्याची खिडकी दे.”

वेन्यामिननं तिकीट उलटंसुलटं केलं. “तारीख गेली याची. आणि तुम्ही जाऊन आलात की! यादीत नाव आहे, विमा उतरवलाय. सहल झाली तुमची.”

“झाली?”

“झालीच ना.”

“म्हणजे मी प्रवासी होते.”

वेन्यामिननं पुस्तकावरचा हात आणखी घट्ट दाबला. रांगेतला प्रोखोर खदखदून हसला.

ग्लाफिराबाईंनी वेन्यामिनचा हात मनगटाला धरून पुस्तकावरून उचलला, बाजूला ठेवला आणि पेन पुन्हा कागदावर टेकवलं.

“हे बघ वेन्यामिन, प्रवासी असेन तर ही तक्रार घ्यायची आणि तिला लेखी उत्तर द्यायचं. कर्मचारी असेन तर माझं तिकीट कोरं आहे, मला खिडकी द्यायची. चार संचालकांना मी कधी विचारलं नाही, तुला विचारते. मी यातली कोण? बोल लवकर, माझे गुडघे सप्टेंबरपर्यंतच आहेत.”