खेकड्यांचे परदेशी तज्ज्ञ

नानजिंगच्या दक्षिणेला खेकड्यांची तळी सांभाळणाऱ्या एका कंपनीने रीतसर ठराव करून एक परदेशी तज्ज्ञ मागवला. तज्ज्ञ ठरल्या दिवशी, ठरल्या विमानाने, दोन बॅगांसह आला. इथपर्यंत कोणाचीही काही चूक झाली नाही.

विमानतळावर मॅनेजर पान हातात फुलांचा गुच्छ आणि ‘डॉ. एलमेर सिऊ, पेरू’ असा फलक घेऊन उभे होते. बारीक काड्यांचा चष्मा लावलेला एक माणूस त्यांच्या अगदी पुढ्यात येऊन थांबला.

“जरा बाजूला व्हा हो,” पान म्हणाले, “तुमच्यामुळे आमचे परदेशी पाहुणे दिसेनात.”

“मीच तो,” माणूस मोडक्यातोडक्या चिनीत म्हणाला.

पानांनी पासपोर्ट पाहिला, त्यातला फोटो पाहिला, पुन्हा चेहरा पाहिला. एलमेरचे पणजोबा शंभराहून जास्त वर्षांपूर्वी चीनमधूनच लिमाला गेले होते आणि जाताना नाक-डोळे बरोबर घेऊन गेले होते. चौथ्या पिढीत ते परत आले होते.

“कागदपत्रं बरोबर आहेत,” पान खिन्नपणे म्हणाले. “तेवढीच बरोबर आहेत.”

एलमेरची नेमणूक तीन महिन्यांच्या परीक्षेवर होती. तळी सुधारली तर तीन वर्षांचा करार, आणि मग बायको व मुलगी लिमाहून येणार होत्या. मुलीने न पाहिलेल्या अकरा खेकड्यांना नावंही देऊन ठेवली होती. म्हणून फुलं मिळाली नाहीत तरी एलमेर दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्यावर हजर झाला.

तळ्याचे मालक वेई हे सत्तरीचे गृहस्थ खुर्ची टाकून बसले होते. खेकडे पाण्याबाहेर येऊन कुंपणाच्या जाळीवर चढले होते.

“बघितलंत?” वेई पानांना म्हणाले. “परदेशी तज्ज्ञ येणार म्हणून सकाळपासून वर चढून वाट बघतायत बिचारे. कुठाय तो?”

एलमेरने पाण्यात ऑक्सिजनमापक बुडवला. विरघळलेला ऑक्सिजन लिटरला दोन मिलिग्रॅम. पाच तरी हवा. खेकडे वाट बघत नव्हते, त्यांचा श्वास कोंडत होता. त्याने तसं सांगितलं. हवा सोडणारी यंत्रं पहाटे चालवा, म्हणाला.

“ती घरघर करतात,” वेई म्हणाले. “माझी झोप मोडते, खेकड्यांची मोडते. आणि तू कोण रे बाबा? तुझी चिनी अशी कशी? शाळेत गेला नाहीस का?”

“हेच तज्ज्ञ आहेत,” पान जमिनीकडे बघत म्हणाले.

वेई इतके हसले की दोन खेकडे जाळीवरून खाली पडले.

त्या दिवशीच कंपनीची बैठक झाली. तज्ज्ञाच्या ज्ञानात दोष नसून दर्शनी भागात आहे, असा निष्कर्ष निघाला. दर्शनी भाग बाहेरून घेण्याचं ठरलं. शहरातल्या एका हॉटेलात ट्रम्पेट वाजवणारा प्लामेन हा बल्गेरियन गृहस्थ मिळाला. सव्वासहा फूट उंची, सोनेरी दाढी, निळे डोळे. खेकडा त्याने फक्त ताटात पाहिला होता.

“तुम्ही दुभाषे व्हा, डॉक्टर,” पान एलमेरला म्हणाले. “ते त्यांच्या भाषेत काहीही बोलतील, तुम्ही तुमचं ज्ञान चिनीत सांगा. ज्ञान तुमचंच राहील. फक्त तोंड त्यांचं.”

प्लामेन तळ्याकाठी उतरताच वेई खुर्चीतून उठले. प्लामेनने पाण्याकडे गंभीरपणे पाहिलं आणि बल्गेरियनमध्ये दोन वाक्यं बोलला. एलमेरने यंत्रं, शेवाळ, गाळ, पहाटेचा ऑक्सिजन, सगळं दहा वाक्यांत सांगितलं.

वेईंनी बोटांवर वाक्यं मोजली. “साहेब बोलले दोन, हा बोलतोय दहा. उरलेली आठ कुणाची?”

“माझी,” एलमेरच्या तोंडून गेलं.

“बघा! पदरचं घालतोय लेकाचा!” वेई पानांवर कडाडले. “खरा दुभाषा आणा. साहेबांचा एकही शब्द वाया जाता कामा नये.”

खरी दुभाषी आली. मिस थांग बल्गेरियन शिकलेली होती आणि अत्यंत प्रामाणिक होती. प्लामेन पुन्हा तीच दोन वाक्यं बोलला. मिस थांग थोडी थबकली, पण भाषांतरात ढवळाढवळ करू नये असं तिला शिकवलेलं होतं.

“साहेब म्हणतात, आईच्या हातच्या भरल्या मिरच्यांची फार आठवण येते. ढोबळी मिरची पोखरून बिया काढाव्यात, आत भात आणि खिमा भरावा, मंद आचेवर शिजवावी.”

वेईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

“चाळीस वर्षं खेकडे पाळतोय,” ते म्हणाले, “पण हे कुणाला सुचलं नाही.”

दुसऱ्या दिवसापासून तळ्यात भरल्या मिरच्या पडू लागल्या. भात-खिमा पाण्यात कुजला की ऑक्सिजन दोनवरून एकावर येणार, हे एलमेरला तोंडपाठ होतं. तो रोज वेई जेवायला गेले की जाळ्याने मिरच्या काढायचा आणि पहाटे यंत्रं चालवायचा. यंत्रांची घरघर ऐकून वेई कुशीवर वळत आणि म्हणत, “मिरची लागू पडली. खेकडे घोरतायत.”

पाचव्या दिवशी खेकडे जाळीवरून उतरले. शरदात त्यांना जिल्ह्याच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं. प्लामेनच्या गळ्यात लाल फीत पडली. त्याने आभाराचं भाषण ट्रम्पेटवर केलं आणि मिस थांगने त्याचंही भाषांतर केलं.

एलमेरची परीक्षा संपली. तळी सुधारली होती, हे पानांनी प्रांजळपणे मान्य केलं.

“पण एका कंपनीला एकच परदेशी तज्ज्ञ मंजूर आहे हो,” ते म्हणाले, “आणि ती जागा आता भरली. तुम्हाला साहेबांचे स्थानिक मदतनीस म्हणून ठेवतो. मिरच्या काढायला कुणीतरी लागेलच.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“वास यायचा ना तुमच्या शर्टाला.”

स्थानिक मदतनिसाला स्थानिक ओळखपत्र लागतं. एलमेर परवान्याच्या खिडकीवर गेला. खिडकीतल्या बाईंनी पासपोर्ट उलटापालटा केला.

“तुम्ही परदेशी आहात. स्थानिक होता येणार नाही.”

“मग परदेशी म्हणून करा.”

बाईंनी मान वर करून पाहिलं. “दिसत नाही तसे. मान्यताप्राप्त परदेशी तज्ज्ञाचा दाखला आणा.”

प्लामेन मनाने चांगला होता. त्याने ताबडतोब दाखला दिला, वर मिठी मारली. एलमेर परत खिडकीवर आला. बाईंनी दाखला लावला, तीन शिक्के मारले आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं.

“हे राहिलं. ‘परदेशी तज्ज्ञ’ हे शब्द कानावर पडताच सामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर जो चेहरा येतो, तो अर्जदाराशी जुळतो का? इथे त्रयस्थ साक्षीदाराची सही लागते. तुमच्या ओळखीचा नको, कंपनीचा नको.”

“असा माणूस कुठून आणू?”

“कुणीही चालेल हो. फक्त त्याने गोष्ट पहिल्यापासून ऐकलेली असावी.”

अर्ज अजून खिडकीवरच आहे. लिमात अकरा खेकड्यांची नावं पाठ करून एक मुलगी वाट पाहते आहे. तेव्हा तुम्हीच या सहीला. फक्त त्याआधी नीट आठवून सांगा: या गोष्टीच्या पहिल्या ओळी वाचताना, विमानातून तुम्ही कोणाला उतरवलं होतं?