पहाटे पाचला उठणारी मुलगी

बावीस वर्षं मी वर्तमानपत्रात उपसंपादक आहे. लोकांनी लिहिलेलं सुधारणं हा माझा धंदा. मंत्र्यांची भाषणं, क्रीडा प्रतिनिधीची वाक्यं, फोटोखालची उलटसुलट नावं, सगळं माझ्या हातून सरळ होऊन पुढे जातं. तेव्हा कन्येचा वसतिगृहाचा अर्ज माझ्यापुढे आला आणि न सुधारता गेला, असं होणं शक्यच नव्हतं.

खरं तर मला फक्त 'पालकांची संमती' या चौकोनात खूण करायची होती. अर्ज भरून, लॅपटॉप माझ्याकडे सरकवून कन्या पोहायला गेली होती. मुदत संध्याकाळी पाचपर्यंत. घड्याळात साडेचार.

कॉलेज निवासी, त्यामुळे राहायचं तिथेच. एकटीची खोली फक्त शेवटच्या वर्षाला. चौघींची खोली म्हणजे स्टेशनातलं प्रतीक्षालय. उरली दोघींची. त्यातही खालचा मजला 'शांत', वरचा 'मोकळा'. कुठला मजला आणि कोणाबरोबर कोण, हे दहा प्रश्नांच्या उत्तरांवरून कॉलेज ठरवणार.

मी उत्तरं वाचली. झोपण्याची वेळ: रात्री दोन. उठण्याची वेळ: कोणी उठवेल तेव्हा. टापटीप: पाचपैकी एक. अभ्यास करताना काय लागतं: मोठ्याने गाणी.

उत्तरं खरी होती, यात वाद नाही. पण खरं आहे म्हणून छापलंच पाहिजे, असं आमच्याकडेही नसतं. मी तिला पहाटे पाचला उठवलं, रात्री दहाला झोपवलं, टापटिपीत पाचपैकी पाच दिले आणि अभ्यासाला शांतता दिली. चार अठ्ठावन्नला अर्ज गेला. मुदत पाळणं आमच्या रक्तातच असतं.

कन्या ओल्या केसांनी आली आणि अर्जाची पोच वाचू लागली.

"बाबा, ही पाचला उठणारी मुलगी कोण?"

"तू. होशील हळूहळू."

"आणि शांततेत रमणारी?"

"तीही तूच."

ती खाली बसली. मग सगळं बाहेर आलं. मुंगी ही तिची पहिलीपासूनची मैत्रीण. बारा वर्षं दोघी एका बाकावर. कॉलेज मैत्रिणीचं नाव सांगून खोली देत नाही, उत्तरं जुळली तरच देतं. म्हणून दोघींनी अख्खा रविवार खर्चून दहा उत्तरं ठरवली होती आणि दोन्ही अर्जांत तीच लिहिली होती.

बायको इस्त्री करत होती. मान वर न करता म्हणाली, "तरी सांगत होते, यांच्यापुढे वाण्याची यादीसुद्धा ठेवू नकोस."

दुसऱ्या दिवशी मी वसतिगृहाच्या रेक्टरबाईंपुढे हजर.

"शांत मजला नको?" त्या म्हणाल्या. "लोक त्यासाठी वशिला आणतात."

"मुलगी त्या लायकीची नाही."

"तोंडी चालत नाही. लेखी द्या. बदल एकदाच मिळेल. पुन्हा आलात तर मी ओळख दाखवणार नाही."

मी तिथेच बसून लिहिलं. पोटच्या मुलीचं घोरणं, पलंगावरचा ओला टॉवेल, न्हाणीघरातलं गाणं, एक पानभर, पुराव्यांसह. बाईंनी ते दोनदा वाचलं.

"सख्खे वडील ना?" असं विचारून त्यांनी शिक्का मारला.

शुक्रवारी यादी लागली. कन्या: वरचा मजला, खोली दोनशे बारा. मुंगी: खालचा मजला, खोली चौदा.

मी मुंगीच्या आईला फोन लावला. त्या मुख्याध्यापिका आहेत.

"मुंगी खाली कशी?"

"मी नुसता हात फिरवला हो. पोरीने स्वतःला किती गबाळं दाखवावं, याला काही मर्यादा? पाचला उठते असं लिहिलं."

"टापटीप?"

"पाचपैकी पाच. तुम्ही काय लिहिलं होतंत?"

मी आवाज नीट येत नसल्याचं सांगून फोन ठेवला आणि वसतिगृह गाठलं. रेक्टरबाईंनी शब्द पाळला, ओळख दाखवली नाही. फक्त माझ्या बदलाआधीची कच्ची यादी माझ्यापुढे धरली. खोली चौदा: मुंगी आणि कन्या. दहापैकी दहा उत्तरं जुळलेली.

"छान जोडी होती," त्या म्हणाल्या. "मग एका वडिलांचा अर्ज आला."

आता कॉलेज सुरू होऊन महिना झालाय. गेल्या रविवारी दुपारी मी कन्येला फोन केला.

"कुठे आहेस?"

"जिन्यात. मुंगीपण आहे."

"खोलीत का नाही?"

"खाली बोलायला बंदी, आणि वर बोललेलं ऐकू येत नाही. माझी पार्टनर ढोलकी शिकतेय." मग म्हणाली, "जिन्याचा पर्याय अर्जात नव्हता ते बरं, बाबा. असता तर तोही मिळाला नसता."