कूलरमधली बाळंतीण

लिहिण्यात चुका असतील, त्या आधीच माफ करा. शाळा चौथीपर्यंत झाली. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे मला आजही कळत नाही, आणि अक्षर तर धुळीतून पाखरू चालून गेल्यासारखं. पण ज्या माणसाबद्दल लिहायचं आहे त्याच्याबद्दल तोंडानं बोलायला मला लाज वाटते, म्हणून कागद घेतला.

ते माझे भासरे, यांचे मोठे भाऊ. आमची पिंकी त्यांना मोठे बाबा म्हणते, म्हणून मीही तेच म्हणते. तर मोठ्या बाबांची कुजबुज ब्राह्मणपाऱ्याच्या चौकापर्यंत ऐकू जाते.

उरला इथल्या लोखंडाच्या मिलमध्ये त्यांची सगळी उमर गेली. लग्न केलं नाही. मिलच्या दणदणाटानं कान गेले, आणि कान गेले तसा आवाज चढत गेला. एरवी ते ओरडतातच. पण मागच्या अंगणात पाखरू उतरलं की त्याला दचकवू नये म्हणून ते बोटं ओठांवर ठेवून हळू बोलतात. त्यांचं हळू म्हणजे असं, की पाखरू जागचं हलत नाही आणि शेजारच्या घरातलं बाळ उठून रडायला लागतं.

आमचं अंगण म्हणजे एक नळ, एक मुनग्याचं, म्हणजे शेवग्याचं, झाड आणि पडकी भिंत. एवढ्याशा जागेत मोठ्या बाबांनी पूर्ण मिल उभी केली आहे. तुऱ्याचा बुलबुल हा मॅनेजर. सातभाई म्हणजे युनियन, कारण ते सगळे एकदम बोलतात आणि काम कोणी करत नाही. कावळा ठेकेदार. दिवाळीच्या वेळी खेड्यातल्या बाया धानाच्या लोंब्यांची झालर विकायला आणतात. लोक ती पाखरांसाठी दाराला बांधतात आणि विसरून जातात. मोठे बाबा झालरीखाली खुर्ची टाकून बसतात आणि कोणी पाळी सोडून खाल्लं तर ओरडतात, "ए मॅनेजर, तुझं झालं नं? लाइनीत ये."

एकदा त्यांनी एका कावळ्याला हाकललं. तेव्हापासून तो त्यांच्या टकलावर टोच मारायला लागला. मोठ्या बाबांनी मिलचं पिवळं हेल्मेट पेटीतून बाहेर काढलं. अंगणात घातलं असतं तर ठीक होतं. पण ते घालून ते भाजी घ्यायला जायचे, कारण त्यांचं म्हणणं, "तो ठेकेदार चौकात बी असते." भासरे कुठल्या ड्यूटीवर जातात, असं भाजीवाली मला तिच्या बोलीत विचारायची, "का दीदी, तोर जेठ कोन डहर ड्यूटी करथे?" मी पिशवी उचलून खाली मान घालून निघायची.

सगळ्यांत जीव मात्र पंडकीवर. आमच्या माहेरी होला म्हणतात, इकडे हिंदी मुलखात पंडकी. मातकट रंगाची, साधी, भांडण न करणारी. तिच्या घरट्यावर मोठ्या बाबांचा भारी राग. "चार काड्या आडव्या, चार उभ्या. खालून अंडं दिसून राहिलं. अशा कामावर मिलमधून हाकलतात." असं म्हणायचे आणि वारा सुटला की उठून पाहायचे, अंडं पडलं का.

आता माझं. भासऱ्यांसमोर मोठ्यानं बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. डोक्यावर पदर, नजर खाली, आणि काही सांगायचं असेल तर ते लेकराच्या तोंडून. मी तर माहेरीही कमी बोलणारी. "पिंकी, मोठ्या बाबांना सांग, ताट वाढलं," असं मी हळू म्हणायची आणि पिंकी त्यांच्या कानाजवळ बोंबलायची, "मोठे बाबा, खाना लग गया." हे अनेक वर्षं नीट चाललं. मग हिवाळ्यात पिंकीचं लग्न झालं, ती नागपूरला गेली, आणि आमच्यातला आवाजच गेला. हे शंकर नगरच्या एका दुकानात हिशेब लिहितात, ते रात्रीच परततात. दिवसभर घरात मी आणि मोठे बाबा. मी ताट ठेवून पाटावर वाटी आपटायची, म्हणजे जमीन हादरून त्यांना कळावं.

सकाळी ते अंगणातून मला विचारायचे, "बोलली का आज पंडकी?" मी मान हलवायची. ऐकलेलं असो नसो, हलवायची. मग ते म्हणायचे, "मले आलं आयकू. बाकी कोनाचं नाही येत, हिचं येते." आम्हाला वाटायचं, येतही असेल.

यंदा कूलरला वाळ्याची नवी खस लावायची म्हणून यांनी एका बाजूची जाळी काढली आणि आठवडाभर तशीच ठेवली. तेवढ्यात पंडकीनं आत, पाण्याच्या मोटरवर, चार काड्या टाकून दोन अंडी दिली. मोठ्या बाबांनी कूलरची वायर काढून उशीखाली ठेवली. आणि तशातच पिंकीचा फोन आला, की तिची सासू पहिल्यांदा आमच्या घरी येते आहे. दुपारची गाडी, एक मुक्काम. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यांत तापलेले नऊ दिवस, सुरू होता. घरातल्या भिंती हाताला भाजत होत्या.

"मम्मी, प्लीज, कूलर चालू करवा लेना," पिंकी म्हणाली. "मेरी सास सबके सामने बोल देती है." तिचा आवाज बारीक झाला होता. माझ्या घरातली गरमी पोरीला वर्षभर ऐकावी लागणार.

मी यांना म्हटलं, "भावाला सांगा नं."

"मी सांगितलं. त्यानं मले इचारलं, तुह्या बाळंतिणीच्या अंगावर पानी टाकलं असतं का कोनी? आता तूच सांग."

मी कशी सांगणार? वाटी आपटून?

विहीणबाई आल्या. त्यांच्यासाठी हेही दुकानातून सुट्टी घेऊन घरी होते. भारी साडी, घामानं पाठ ओली. वर पंखा फिरत होता, पण तो गरम हवाच खाली ढकलत होता. त्यांना मी नेमकं कूलरसमोर बसवलं, कारण बसायची चांगली जागा तीच. पात्यांच्या मागून पंडकी त्यांच्याकडे पाहत होती.

"कूलर बिघडला का जी?"

मी तोंड उघडायच्या आत मोठे बाबा आले. डोक्यावर हेल्मेट. ओठांवर बोट ठेवून ते कुजबुजले, "हळू बोला. बाळंतीण बसली आहे."

विहीणबाईंच्या हातातलं सरबत साडीवर सांडलं. मोठ्या बाबांना आपली चूक कळली, असं आम्हाला वाटलं. त्यांनी खोक्याचा पुठ्ठा आणला आणि ते विहीणबाईंसमोर उभं राहून जोरजोरानं वारा घालायला लागले. मिलच्या भट्टीला घालावा तसा. विहीणबाईंचे केस विसकटले, टिकली उडाली.

"असं आहे होय," त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या. "नागपुरात कूलर मान्सांसाठी ठेवतात. तुमच्याकडे पाखरांसाठी?"

मला वाटलं, जमिनीनं आत घ्यावं. पिंकीचं तोंड डोळ्यांसमोर आलं. मी पदर आणखी पुढे ओढला.

मोठ्या बाबांना टोमणा ऐकू गेला नव्हता. त्यांना वाटलं, पाहुणीला पंडकीचं कौतुक वाटतं आहे. त्यांनी पुठ्ठा खाली ठेवला आणि कूलरकडे बोट केलं. "पाहा, पाहा. बोलून राहिली. आयका."

सगळे कूलरकडे वाकले. पंडकीची चोच थोडी उघडी होती आणि गळा भराभर हलत होता. आवाज काहीच नव्हता.

"बोलत नाही जी ती," विहीणबाई म्हणाल्या. "गरमीनं धापून राहिली बिचारी. गळा पाहा नं कसा उडते." आणि त्या हसल्या. हेही हसले.

लोक हसले की मोठे बाबाही हसतात, काय झालं ते न कळता. तसे ते हसले. मग त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, पंडकीच्या गळ्याकडे पाहिलं, आणि त्यांचं हसू हळूहळू उतरलं. हेल्मेट काढून त्यांनी हातात घेतलं. मला विचारलं, "बोलून राहिली नं?"

त्या दिवशी त्यांचा आवाज खरोखर हळू निघाला. मला जेमतेम ऐकू आला.

म्हणजे त्यांना तिचंही ऐकू येत नव्हतं. गळा हलला की बोलली, असं ते धरून चालले होते. आणि रोज सकाळी मला विचारत होते, कारण घरात विचारायला दुसरं कोणी नव्हतं. मी मान हलवत होते. आताही हलवली असती तर चाललं असतं. मला विहिणीची लाज वाटत होतीच. तिच्यापेक्षा मोठी लाज आपलीच वाटली.

मी त्यांच्याजवळ गेले. त्यांच्या कानाशी तोंड नेलं. पदर मागे पडला, तो मी उचलला नाही. आणि जितका जोर होता तितक्या जोरानं म्हटलं, "कुर्र, कु-कु, कु-कु-कू."

हे माझ्याकडे भूत पाहिल्यासारखे पाहत होते. विहीणबाईंचं तोंड पंडकीसारखंच उघडं होतं.

मोठ्या बाबांनी डोळे मिटले होते. मी परत म्हटलं, आणखी मोठ्यानं. शेजारचं बाळ रडायला लागलं.

त्यांनी डोळे उघडले. पंडकीकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं.

"पिंकीची माय," ते म्हणाले, "तुहा आवाज असा आहे होय."

विहीणबाईंनी खाली पडलेला पुठ्ठा उचलला आणि आपला आपण वारा घेत भिंतीला टेकून बसल्या. मोठे बाबा खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले, कान पुढे केला.

"आन मॅनेजर कसा बोलते?" त्यांनी विचारलं.

बुलबुल मला नीट जमत नाही. पण मी घसा साफ केला.