गोजरा परटिणीच्या चुलीस मोहर जाहली त्याची हकीकत

श्री धूम्रहारिणी देवी प्रसन्न असो, ऐकणारांचे डोळे न चुरचुरोत. धूमशके बावन्न, काळयुक्त नाम संवत्सरे, माघ मासी एका राज्यात जे घडले ते येथे लिहिले आहे. राज्याचे नाव लिहावयाची आज्ञा नाही, आणि लिहोन उपयोगही नाही.

ते समयी राज्यात धूर बहुत माजला, आणि ऋतू वाट चुकले, आणि वैशाखात झाडे उभी वाळली, आणि माघात गारा पडो लागल्या. रयत दहा वर्षे खोकत होती त्याची दाद कोणी घेतली नाही. महाराज दोन वेळां खोकले तो दरबार भरला. मग प्रधान बोलिले की, ज्याच्या घरचा धूर त्याचे माथी, सबब घरोघर मोजणी करावी. मग धूरनीस म्हणोन नवा हुद्दा निर्माण जाहला आणि तो व्यंकाजीपंतांस दिधला, आणि पंतांनी तजवीज काढिली ऐशी की, हरएक घराचे आढ्यावर सरकारी पांढरा रुमाल बांधावा, आणि सातवे दिवशी ज्याचा रुमाल काळा निघेल त्याचे चुलीस नि भट्टीस चाळीस दिवस मोहर करावी, आणि शेजारी त्यास विस्तव देईल तर त्याचीही चूल बंद व्हावी. थोरांच्या हवेल्यांत गारव्याची यंत्रे अष्टौप्रहर धूर ओकीत, माणशी एक अग्निरथ दारी उभा असे, आणि दिवाणसाहेब तर विमानात बसोन परमुलखी जेवावयास जात आणि ढेकर देण्यास घरी येत. कोणी पुसिले की, विमानाच्या धुराचे काय? तो पंत उत्तर करिते जाहले, "आकाशास आढे नाही. रुमाल बांधावा कोठे?" दरबारास हे शहाणपण बहुत मानवले.

नदीकाठी परीटआळीत गोजराबाई नामे परटीण राहत होती. तिचा लेक सरकारी बर्फाचे गाडे आणावयास पहाडात गेलेला, आणि घरी सून चिमा, ती सातव्या महिन्यातच बाळंत जाहली. मुलगी जन्मली ती ओंजळीत मावेल एवढी. सुईण बजावोन गेली की, शेक चुकवू नका, शेगडी थंड पडली तर पोर हातची जाईल. मग गोजरा अंगणातल्या भट्टीवर हवेल्यांचे कपडे उकळी, आणि त्याच भट्टीचे निखारे आत शेगडीत नेऊन घाली. तिच्या घरचा धूर म्हणावा तो इतुकाच, आणि तोही दुसऱ्यांच्या कपड्यांचा. सासूसुनांची चार लुगडी थंड पाण्यातच निघत.

सहावे दिवशी सकाळी दिवाणसाहेबांचा खिदमतगार राणोजी गाठोडे घेऊन आला आणि इकडे तिकडे पाहोन बोलिला, "मावशी, हे सांजच्या आत पांढरंफेक पायजे. आणि ह्या कानाचं त्या कानाला कळता कामा नये." गोजराने गाठोडे सोडिले तो आत तेवीस सरकारी रुमाल, हवेल्यांच्या आढ्यांवरोन गुपचूप उतरविलेले, तव्याच्या बुडासारखे काळे. ती म्हणाली, "राणोजी, ह्याला दिवसभर भट्टी लागंल रं. माझा रुमाल तितंच वर टांगलाय." राणोजी म्हणाला, "नाही म्हणलीस तर उद्यापासनं हवेल्यांचे कपडे दुसऱ्या आळीत जातील. मी काय करू? मीबी हुकमाचा ताबेदार." कपडे गेले तर भट्टी गेली, आणि भट्टी गेली तर शेक गेला. मग तिने सोडाखार घातला, रिठा घातला, लाकडावर लाकूड सारिले, आणि तीन पाणी उकळोन, खळखळोन, नीळ देऊन रुमाल ऐसे काढिले की विणकराकडून आजच आले म्हणावे. वर तिच्या आढ्यावरचा रुमाल तेवढ्या अवधीत कोळसा जाहला.

सातवे दिवशी व्यंकाजीपंत लवाजम्यासह आले. हवेल्यांचे रुमाल आधीच गोळा होऊन तबकात होते, आणि पंत त्यांची स्तुती करिता थकत नव्हते. मग गोजराचा रुमाल खाली काढिला आणि पंतांनी नाकास उपरणे लाविले. "बाई, राज्याचा श्वास कोंडतो तो तुमच्यासारख्यांमुळे. घाला रे मोहर!" गोजराने पाय धरिले. "सरकार, घरात ओली बाळंतीण हाय. पोर कच्चं हाय. आमच्या दोघींची चूल बंद करा, उपाशी राहू, पर शेगडीपुरता इस्तू ठेवा." पंत म्हणाले, "एकीस सोडिले तर सारी आळी मागेल."

परटाचा रिवाज ऐसा की, कोणाचा कपडा कोणता डाग घेऊन आला हे मरेतो सांगू नये. थोरामोठ्यांच्या किती अंथरुणांचे डाग गोजराच्या पोटात होते, एक शब्द कधी बाहेर पडला नव्हता. आत पोर बारीक आवाजात रडले, आणि तिने रिवाज मोडिला. "त्या तबकातले रुमाल माझ्यापरीस काळे हुते, सरकार. मी काल उकळले. माझ्या आढ्यावरचा धूर त्यांचाच हाय."

लवाजम्यात राणोजी उभा होता, त्याने मान खाली घातली. पंतांनी तबक तिच्यापुढे सरकविले आणि शांतपणे म्हणाले, "दाखव डाग."

मग गोजरा एक एक रुमाल उन्हात धरिती जाहली, आणि शिवणी उलटिती जाहली, आणि कोपरे चोळोन पाहती जाहली. तेवीस रुमालांत काळा ठिपका सापडला नाही. उभ्या जन्मात तिला आपल्या हातांचा अभिमान होता. त्या घडीस ते तोडोन टाकावे ऐसे वाटले. "खोटे बोलण्याची शिक्षा वेगळी देत नाही, दया समज," म्हणोन पंत उठले. शिपायांनी शेगडीवर पाणी ओतिले, आणि चुलीस नि भट्टीस शाडू लिंपोन मोहर केली.

त्याच दुपारी गारा पडल्या. आळी दारे लावोन बसली. लोक वाईट नव्हते, भ्यालेले होते. गोजराने आणि चिमाने पोर आळीपाळीने उघड्या छातीशी धरिले, आणि धुण्यास आलेल्या दिवाणसाहेबांच्या शाली वरोन पांघरिल्या. तिसरे दिवशी पोर गेले. बारसे व्हावयाचे होते, ते राहिले. गोजरा रडली नाही ऐसे कोणी सांगतात, ते खोटे आहे. ती फार रडली.

एकेचाळिसावे दिवशी मोहर निघाली आणि राणोजी हवेल्यांचे कपडे घेऊन आला, आणि अंगणात ठेवोन गेला. गोजराने भट्टी पेटविली. चिमा त्या जाळापाशी येऊन बसली ती दिवस मावळेतो बसली, आणि तिला कोणी ऊठ म्हटले नाही.

येणेप्रमाणे राज्य निर्धूर जाहले. दवंडी फिरली, आणि पंतांस पालखी मिळाली, आणि दिवाणसाहेब आनंदाप्रीत्यर्थ विमानाने परमुलखी जेवोन आले. महाराजांचा खोकला मात्र होता तैसाच राहिला. पोराचे नाव ठेविले नव्हते, सबब येथे लिहिता आले नाही.