सोबत एकच पाहुणा

“आधी परक्याच्या मुखी, मग आपल्या. आणि यात घरचं माणूस धरायचं नाही हं! घरच्यांना जेवू घालणं हे व्रत नव्हे, ती चाकरी!”

सासूबाईंनी शेवटच्या आजारपणात माझा हात धरून हे सांगितलं आणि मी “हो” म्हटलं. माझा आवाज मुळातच इतका हळू, की त्यांनी ते माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं. तेव्हापासून रोज एका परक्या माणसाला माझ्या हातून काहीतरी खायला दिल्याशिवाय मी घास घेत नाही. चहापाणी चालतं. घरी यात काडीची अडचण नाही. पोस्टमन आहे, पहारेकरी आहे, आणि आमच्या इमारतीची लिफ्ट तर दुरुस्तीवाला हल्ली बरोबर जेवणाच्या वेळेलाच तपासायला येतो. लिफ्ट ठणठणीत आहे!

पण या खेपेला लेकीकडे जायचं होतं. दोन विमानं, मध्ये एका परक्या विमानतळावर मुक्काम. बरोबर आमचे हे आणि माझ्या वन्सं. वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. त्यांचे गुडघे गेलेले, जीभ मात्र अजून शाबूत.

“तुम्ही दोघी काही काळजी करू नका,” निघायच्या आदल्या दिवशी यांनी जाहीर केलं. “माझ्या कार्डावर विमानतळावरचं लाउंज फुकट! मऊ खुर्च्या, गरम खाणं, झोपायला कोच. सगळे नियम मी तोंडपाठ केलेत. फक्त माझ्या मागून चालायचं!”

नियम म्हटलं की यांच्या अंगावर मूठभर मांस चढतं. सारा जन्म विमा कंपनीत गेला, आणि तोही लोकांचे दावे नामंजूर करण्यात. एकाचा बसमधून उतरताना पाय मोडला, तर यांनी विचारलं, “एक पाय बाहेर होता का? मग तो प्रवासातला अपघात नव्हे!” त्या शोधाबद्दल यांना साहेबांनी शाबासकी दिली होती. तो माणूस लंगडत जिना उतरला, हे मात्र मला यांनीच नंतर कधीतरी सांगितलं. दिवा मालवून, भिंतीकडे तोंड करून.

तर आम्ही निघालो. व्रतासाठी मी डबा घेतला होता. तपासणीच्या टेबलावर गणवेशातल्या माणसाने तो उघडून पाहिला.

“हे पातळ आहे. नेता येणार नाही.”

“मग तुम्हीच एक घास घ्या ना,” मी म्हटलं.

तो असा मागे सरकला, जणू डब्यातून टिकटिक ऐकू येत होती! डबा गेला. मी म्हटलं, हरकत नाही, विमानात माणसांना काय तोटा? पण विमान म्हणजे जगातली अशी एकमेव जागा, जिथे प्रत्येकाच्या पुढ्यात तेच ताट असतं. मी माझ्यातला पाव शेजारच्या गृहस्थांपुढे धरला. त्यांनी आपल्या पावाकडे पाहिलं, माझ्या पावाकडे पाहिलं आणि डोळ्यांवर काळी पट्टी ओढून घेतली. हवाईसेविका म्हणाली, “आम्हाला प्रवाशांकडून घेता येत नाही.” माझं ताट तसंच परत गेलं.

“अगं, खा की!” हे म्हणाले. “मला भरव, झालं!”

“तुम्ही घरचे.”

“घरचा असणं हा काय गुन्हा आहे?”

“आईने घरचं माणूस धरायचं नाही म्हणून सांगितलंय,” पलीकडून वन्सं आपल्या ताटातलं गोड संपवत म्हणाल्या. “उगीच तिला बाटवू नकोस.”

तर विमान उतरलं तेव्हा माझ्या पोटात नुसता चहा हिंदकळत होता. डोळ्यांपुढे मधूनमधून काजवे. वन्सं चाकांच्या खुर्चीत, ती ढकलायला विमानतळाचा एक माणूस, पुढे हे, मागे मी. लाउंजचं काचेचं दार आलं आणि आतून कॉफीचा न् गरम पावाचा वास असा अंगावर आला, की मी दाराच्या चौकटीचा आधार घेतला.

“पडशील गं!” हे घाबरले. “चल, आत कुणीतरी परकं सापडेलच. तिथे सगळे परकेच!”

काउंटरवर एक मुलगी उभी होती. केस घट्ट बांधलेले, हसू सकाळी लावून ठेवलेलं न् आता एका बाजूने उखडत आलेलं. तिने आमचे पास पाहिले.

“सर, पुढच्या विमानाच्या तीन तास आधीच प्रवेश मिळतो. तुम्हाला अजून वेळ आहे.”

“तीनच तास उरलेत!” यांनी मनगट पुढे केलं.

तिने त्या घड्याळाकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. आता काय सांगू! यांनी घड्याळ घरच्याच वेळेवर ठेवलेलं. का, तर रक्तदाबाच्या गोळीची वेळ चुकू नये म्हणून!

आम्ही समोरच्या लोखंडी खुर्च्यांवर बसलो. त्या खुर्च्या ज्याने घडवल्या त्याला पाठ नसावी. दर थोड्या वेळाने कर्ण्यातून सूचना यायची, “अनोळखी व्यक्तीकडून कोणतीही वस्तू स्वीकारू नका!” हात धुऊन मागे लागल्यासारखी तीच तीच सूचना. खाऊच्या यंत्रात नाणी टाकून मी बिस्किटाचा पुडा मिळवला न् शेजारच्या आजोबांपुढे धरला. त्यांनी कर्ण्याकडे पाहिलं आणि आपली पिशवी मांडीवरून काढून दुसऱ्या बाजूला ठेवली. पुडा वन्संनी संपवला. वाया कशाला घालवायचा!

शेवटी भिंतीवरच्या घड्याळाने मंजुरी दिली. आम्ही पुन्हा काउंटरवर.

“सर, कार्डावर तुम्ही आणि सोबत एकच पाहुणा.”

“माहीत आहे!” हे विजयी मुद्रेने म्हणाले. “नियम पाठ आहे मला. ही माझी ताई. ही पाहुणी. झाली एक!”

“आणि या?”

“ही बायको.”

“म्हणजे दोन पाहुणे.”

“अहो, बायको पाहुणी कशी? ती घरची!”

मुलीने डोळे मिटले, उघडले. “सर, कार्डधारक सोडून बाकी सगळे पाहुणेच.”

“चाळीस वर्षं माझ्या घरात राहतेय! कोणता पाहुणा इतका राहतो?”

आमच्यामागची रांग लांबत चालली होती. “मी बाहेर बसते,” मी म्हटलं. कुणी ऐकलं नाही. “मी बाहेर बसते हो,” मी पुन्हा म्हटलं.

“नको नको, मीच बाहेर बसते,” वन्सं म्हणाल्या. “माझं काय, गुडघे दुखले तर दुखले. साखर उतरली तर उतरली. तुम्ही जा दोघं नवराबायको.” आणि असं म्हणत त्यांनी खुर्ची ढकलणाऱ्या माणसाला मानेने आत जायची खूण केली!

“तुम्हाला काय जातंय!” हे त्या मुलीवर घसरले. “तुम्ही दिवसभर आत बसून खाताय, बाहेर माणूस चक्कर येऊन पडतंय!”

“सर, आम्हाला आतलं खायची परवानगी नाही,” ती शांतपणे म्हणाली. “माझा डबा आज घरी राहिलाय. मी सकाळपासून अशीच उभी आहे. एक पाहुणा, सर. कोण ते ठरवा.”

यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा वन्संकडे. मी तिसऱ्यांदा “मी बाहेर बसते” म्हटलं तेव्हा एकदाचं ऐकू गेलं, कारण आता सगळेच थकून गप्प होते.

हे वन्संना घेऊन आत गेले. मी काचेतून पाहत होते. मऊ खुर्च्यांचं एवढं कौतुक सांगितलेलं, पण तिकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ खाण्याच्या टेबलाशी गेले, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि एक पाव कोटाच्या खिशात घातला! माझ्यासाठी. साऱ्या जन्मात ऑफिसची टाचणी घरी न आणलेला माणूस! तो असा पाय ओढत दाराकडे यायला लागला, जणू खिशात पाव नसून बँकेची तिजोरी होती.

“सर, खिशात काय आहे?” काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

“चष्मा.”

चष्म्याचा चुरा कोटावरून गालिच्यावर पडत होता.

“खाद्यपदार्थ बाहेर नेता येत नाहीत, सर.”

यांचा चेहरा पावासारखा पांढरा पडला. मुकाट्याने तो पाव काउंटरवर ठेवला आणि आत जायला वळले.

“सर, एकदा बाहेर पडलं की पुन्हा प्रवेश नाही.”

“मी बाहेर कुठे पडलो? हा एकच पाय बाहेर आहे!”

हे वाक्य तोंडातून सुटलं आणि हे जागच्या जागी थबकले. माझ्याकडे पाहिलं.  तो लंगडत जिना उतरणारा माणूस आमच्या दोघांच्या मध्ये येऊन उभा राहिला होता. यांनी निमूटपणे दुसरा पायही बाहेर काढला.

“आणि कार्डधारक बाहेर गेले की पाहुण्यांना आत थांबता येत नाही,” मुलगी म्हणाली. आता तिचं हसू पूर्ण उखडलं होतं. तिला स्वतःलाच या नियमाचा कंटाळा आला असावा.

थोड्या वेळाने दार उघडलं आणि वन्संची खुर्ची बाहेर आली. गळ्यापर्यंत शाल, गालात काहीतरी, चेहऱ्यावर हुतात्म्याचा भाव.

“कोच कसला मऊ होता!” त्या म्हणाल्या. “नुकती पाठ टेकली होती रे, बाबू.”

तर तिघंही पुन्हा लोखंडी खुर्च्यांवर. “अनोळखी व्यक्तीकडून कोणतीही वस्तू स्वीकारू नका!” कर्णा ओरडला. आमचं विमान फलकावर वर वर सरकत होतं. हे कोटाचा खिसा झटकत बसले होते.

“तू आता खाऊन घे,” हे हळूच म्हणाले. “आईला मी वर गेल्यावर समजावीन.”

“खाऊन घे म्हणे! काय खाऊ? तो पावही गेला.”

तेव्हा वन्संनी शाल बाजूला केली. मांडीवर कागदी रुमालात दोन गोल बन! अजून कोमट.

“ताई!” हे ओरडले. “हे बाहेर आणता येत नाहीत!”

“मी कुठे आणले? मी बसले होते. मला आणलं,” वन्सं म्हणाल्या. “एक परक्याला, एक हिला. आईचं व्रत मला ठाऊक नाही होय? तिच्या पोटची मी!”

पण परकं कोण? आजोबा पिशवीला मिठी मारून बसलेले. खुर्ची ढकलणारा दुसऱ्या कुणाला न्यायला निघून गेलेला.  बनाचा वास सहन होईना.

इतक्यात काचेचं दार पुन्हा उघडलं. काउंटरवर दुसरी मुलगी उभी राहिली होती. आपली मघाची काउंटरवरची मुलगी बाहेर आली आणि पार टोकाच्या खुर्चीत मटकन बसली. एक बूट काढला. टाच चोळायला लागली.

मी एक बन उचलला आणि उठले.

“कुठे निघालीस?” यांनी माझा हात धरला. “अगं, तिच्याच लाउंजचा बन तिलाच? तो मुद्देमाल आहे!”

“मी तिला आधी सांगेन, आतला आहे म्हणून. मग घ्यायचा की नाही ते तिचं ती ठरवेल.”

“आणि नाही घेतला तर? वर तक्रार केली तर?”

“सोड रे तिला,” वन्सं म्हणाल्या. “आईने फक्त परक्याच्या मुखी म्हटलं होतं. कुठून आणायचं ते कुठे म्हटलं होतं?”

यांनी नियम मनातल्या मनात तपासून पाहिला असावा. कारण थोड्या वेळाने यांनी हात सोडला.

मी निघाले. हातात बन. तिने मला लांबूनच येताना पाहिलं. तिचा चेहरा एवढासा झाला. घाईघाईने बूट चाचपला, तो सापडेना, तशीच एका पायावर उभी राहिली आणि हात वर करून तिथूनच म्हणाली, “मॅडम, खरंच सांगते, एकच! सोबत एकच!”

मी मान डोलावली. मलाही एकच हवं होतं, परकं माणूस. पण माझा आवाज एवढा लांब पोचणार नव्हता, म्हणून बन पुढे धरून चालत राहिले.