एक आई म्हणून भोये गुरुजी

शाळा इमारतीशिवाय चालते. शिक्षकाशिवाय चालते. विद्यार्थ्यांशिवाय तर फारच सुरळीत चालते. परंतु तत्त्वज्ञानाशिवाय शाळा चालूच शकत नाही, हे सत्य यंदा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात शासनाला गवसले आणि दुसऱ्या आठवड्यात त्याची लिंक आली.

लिंकवर प्रत्येक शिक्षकाने 'माझे वैयक्तिक शैक्षणिक तत्त्वज्ञान व वर्गातील कार्यपद्धती' किमान पाचशे शब्दांत भरायची होती. (वैयक्तिक म्हणजे कसे, याचा नमुना सोबत जोडला होता.) जी शाळा भरणार नाही ती लाल यादीत जाईल आणि लाल यादीतल्या शाळेची मुले जवळच्या शाळेत सामावून घेतली जातील, असे त्यात प्रेमाने लिहिले होते.

पेठच्या पुढे घाट उतरल्यावर जो पाडा लागतो, तिथल्या शाळेवर हिरामण भोये गुरुजी सत्तावीस वर्षे शिकवत होते. पट एकोणीस. जवळची शाळा सात किलोमीटरवर, मध्ये नदी. एवढी वर्षे आपण तत्त्वज्ञानाविना राबत होतो, या जाणिवेने गुरुजी वरमले. त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले:

'मूल येते. त्याला आधी घरच्या बोलीत बोलू देतो. मग अक्षर दाखवतो. चुकले तर पुन्हा दाखवतो. जेवणानंतर गणित घेत नाही, झोप येते.'

पोर्टल लाल झाले.

गुरुजींना त्या दिवसांत आणखी एक घोर होता, पण तो पोर्टलवर भरायला रकाना नव्हता. सगुणाबाईची पूजा, वय नऊ. भात काढून झाले की दिवाळीच्या तोंडावर हे कुटुंब द्राक्षाच्या कामाला जाते. बाप वणीच्या बाजूला, आई पिंपळगावला. पोर दोघांच्या मध्ये एसटीने ये-जा करते. गेल्या साली वणीची गाडी समजून ती मनमाडच्या गाडीत बसली आणि सापडायला दीड दिवस लागला. (कुणाला विचारायचे नाही का, असे केंद्रप्रमुख साहेब म्हणाले. तिने विचारले होते. ज्याला विचारले तोही पाड्यावरचाच होता.) म्हणून यंदा दिवाळीपर्यंत पोरीला गाडीची पाटी वाचता आली पाहिजे, असा शब्द गुरुजींनी सगुणाबाईला दिला होता. ऑगस्टअखेर पूजाला सतरा अक्षरे येत होती.

केंद्रप्रमुख रविराज साहेबांचा फोन आला.

"भोये गुरुजी, तालुक्यातली एकशे बेचाळीस तत्त्वज्ञानं हिरवी झाली. तुमचंच का अडलंय?"

"साहेब, मी जे करतो ते लिहिलं."

"तिथंच चुकलं. ग्रुपवर टाकलंय ना? उचला आन् चिकटवा."

ग्रुपवरचे तत्त्वज्ञान मनमाडकडच्या कुणा मनीषा मॅडमचे होते आणि थोरच होते. त्यात मूल हे फूल होते, शिक्षक माळी होता, वर्ग बाग होता. खताचा उल्लेख अनावधानाने राहिला असावा. 'एक आई म्हणून मी वर्गात पाऊल टाकते' असे त्यात तीनदा आले होते. तालुक्यातील एकूण शिक्षकांत पुरुष एक्क्याण्णव. गुरुजी सोडून उरलेले नव्वद एका आठवड्यात आई झाले होते. शासनाच्या इतर कोणत्याही योजनेला एवढे यश आल्याची नोंद नाही. सर्व तत्त्वज्ञाने शब्दशः जुळतात, असे संगणकाने दाखवले, तेव्हा वरिष्ठांनी 'तालुक्यात दुर्मिळ वैचारिक एकमत' असा शेरा मारला.

सात किलोमीटर आणि मधली नदी डोळ्यांसमोर आणून गुरुजीही आई झाले. शाळा हिरवी झाली.

हिरव्या शाळेला पुरावे लागतात. मूल फुलताना पाच फोटो, अक्षांश-रेखांशासह. मूल प्रश्न विचारताना एक व्हिडिओ. (प्रश्न आदल्या दिवशी पाठ करून घ्यावेत.) शिक्षक मुलाच्या पातळीवर उतरताना एक, यात गुरुजींचा गुडघा धरला. रेंज फक्त टेकडीवर येई, म्हणून गुरुजी दिवसातले तीन तास टेकडीवर बालकेंद्री शिक्षण वर चढवत बसत. खाली बालके केंद्रस्थानी असत. त्यांना हाताची घडी, तोंडावर बोट अशी आनंददायी कृती दिलेली असे.

दिवाळीच्या सुट्टीपर्यंत पूजाची प्रगती पोर्टलवर चौऱ्याण्णव टक्के झाली. उरलेले सहा टक्के वाचनाचे होते. अक्षरे सतराच राहिली.

दरम्यान ते तत्त्वज्ञान तालुक्याबाहेर पडले, जिल्ह्याबाहेर गेले, ग्रुपाग्रुपांवर फिरले. वाचकहो, आपल्याही मोबाईलवर ते आले होते. आपण दोन हात जोडलेले चित्र लावून पुढे पाठवलेत. वाचले नसेल. पूजानेही वाचले नाही. पण तिला निदान कारण होते.

सुट्टीच्या आदल्या दिवशी समिती आली. चार साहेब, एक गाडी, एक पुष्पगुच्छ (येताना त्यांनीच आणलेला). शेवटचा रकाना 'पालकांचा अभिप्राय' हा होता. सगुणाबाई दुसऱ्या दिवशी निघणार होती. बोचकी बांधून ती पोरीला घेऊन शाळेत आली. गुरुजींनी तिला पाचशे शब्द वाचून दाखवायचे, असे ठरले. गुरुजी उभे राहिले. 'एक आई म्हणून' हे तिन्ही वेळा वाचताना त्यांनी कागदावरून मान वर केलीच नाही. समोर आई बसली होती.

वाचन संपले. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. रविराज साहेबांनी सगुणाबाईचा अंगठा घेतला आणि वर लिहिले, 'पालक भारावून गेल्या.'

सगुणाबाईने अंगठ्याची शाई लुगड्याला पुसली. मग गुरुजींकडे बघून, हळू आवाजात, साहेबांना राग येऊ नये अशा बेताने म्हणाली,

"गुरुजी, लय चांगलं हाय. आता येवढं करा. एका कागदावर 'वणी' लिहून द्या, मोठ्या अक्षरात. पोरगी गाडीच्या पाटीला लावून बघंल."