सुर्वेबाईंचा चालण्याचा सीन

राँग नंबर लागला तरी आमच्या शेजारच्या सुर्वेबाई फोन लगेच ठेवत नाहीत. "इथे कोण मेहता नाय राहत," असं सांगून झालं की विचारतात, "पण तुम्ही जेवलात का?"

मुलांनो, हा प्रश्न त्यांनी मीटर बघायला येणाऱ्यालाही सोडलेला नाही. वाण्याला तोच हिंदीतून, "भाईसाब, खाना हुआ?" पर्समध्ये कागदात गुंडाळलेली घावनं कायम. मी, तुमची आजी, निवृत्त शिक्षिका. मला वेळच्या वेळी आणि आपापल्या घरी जेवणारी माणसं आवडतात. तरी आमचं जमतं.

मागच्या वर्षी आमच्या जवळच काशीमीऱ्याला सिनेमाचं शूटिंग आलं. घरातून पळालेली मुलगी शहरात रस्त्यावर कशी दिवस काढते, अशी गोष्ट. येणारी-जाणारी माणसं म्हणून आमच्या सोसायटीतल्या बायकांना बोलावलं. सुर्वेबाईंनी रत्नागिरीला बहिणीला कळवून टाकलं, "मी पिक्चरमध्ये येतेय," आणि ठेवणीतली हिरवी साडी नेसल्या.

काम एवढंच: मुलगी पुलाखाली गुडघ्यांत मान घालून बसलेली असेल, आपण तिच्याकडे न बघता निघून जायचं.

सुर्वेबाई थांबल्या. "काय गो, कोणाची तू? जेवलीस का?"

मुलीनं मान वर केली. "हो मावशी. आत्ताच बिर्याणी खाल्ली."

कट.

दुसऱ्यांदा त्या सरळ चालत गेल्या. मी मनात शाबासकी देतेय, तेवढ्यात मागे फिरून त्यांनी मुलीसमोर घावनांची पुडी ठेवली. तिसऱ्यांदा त्यांची पर्स काढून घेतली, तर त्या मुलीच्या शेजारी बसल्याच.

दिग्दर्शकानं कपाळाला हात लावला. "आंटी, ऊन चाललंय माझं. शहरात असं कोणी थांबतं का?"

"मी थांबलेय ना. मी काय जंगलात राहते?"

शेवटी त्यांना जनरेटरच्या गाडीपाशी खुर्चीवर बसवलं आणि आम्हा बाकीच्यांवर सीन एका टेकमध्ये झाला. परतताना रिक्षात सुर्वेबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. "बहिणीला काय सांगू आता?" एवढंच म्हणाल्या.

सिनेमाची सीडी आली, ती आम्ही दोघींनी त्यांच्याच घरी बघितली. मी दिसले. पर्स काखेत, मान ताठ, मुलीला व्यवस्थित वळसा घालून गेले.

"छान चाललात हो टीचर," सुर्वेबाई म्हणाल्या. टोमणा नव्हता. "मी पण लहानपणी पळाले होते घरातून. मुंबईत उतरले नि एसटी स्टँडवर बसून राहिले. माणसं अगदी अशीच चालत जात होती. त्यांना कोणी शिकवायला नव्हतं लागलं."

मग त्यांनी टीव्ही बंद केला, रिमोट पदराने पुसून जागेवर ठेवला आणि मला विचारलं, "जेवलात का?"

मी जेवून गेले होते.

"नाही," म्हणाले.